मळकी कार्डं आणि मर लागलेल्या वेली

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर ओळ सोडून वर चढतं, त्याची माफी आधीच मागते. हे कोणी वाचणार नाही, तरी मागते.

केळव्याला आमची पानवेलींची छोटी वाडी. त्या वर्षी वेलींना मर लागली. मुळं कुजायची आणि दोन दिवसांत अख्खी वेल मान टाकायची. नवरा तारापूरच्या बांधकामावर, वाडी माझ्या गळ्यात. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुंबईला विद्यापीठाच्या ग्रंथालयात शेतीची पुस्तकं आहेत, अनामत भरली की बाहेरच्यालाही बसून वाचता येतं. त्यांनी चिठ्ठी दिली. अनामतीचे वीस रुपये जावेकडून घेतले.

"चौथी शिकलीस बाय, तिथं काय बॅरिस्टर होनार हायस?" जाऊ म्हणाली. "पैशे बुडले तं तुझ्या पाटल्या माझ्या."

पहिली खेप फुकट. परवानगीवर सही करणारे साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला आत गेले, तर समोर पुस्तकं नाहीतच, नुसते कार्डांनी भरलेले लाकडी खण. कारकून म्हणाला, "कार्ड शोधा, त्यावरचा नंबर लिहून द्या, पुस्तक येईल." आणि वळला. कसं शोधायचं ते विचारायला माझा आवाज फुटेना.

शेतीचा खण तेवढा सापडला. पानं निवडताना आम्ही डागाळलेलं, कड फाटलेलं पान बाजूला टाकतो. बोटांना तीच सवय. मळकी कार्डं ओलांडून मी स्वच्छ कार्डांचे नंबर लिहिले. आलं काय? एक मेंढ्यांवरचं, एक गुऱ्हाळावरचं, एक इंग्रजी. तिसऱ्या खेपेलाही तेच. इकडे रोज वेली जात होत्या.

चौथ्या खेपेला कारकून वैतागला. "अहो, कोणी कधी न मागितलेली पुस्तकंच तुम्ही कशी शोधून काढता?"

"स्वच्छ कार्ड बघून."

त्याने कपाळाला हात लावला. "बाई, लोक जे सारखं हाताळतात, तेच कार्ड मळतं!"

"मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?" परक्या माणसावर मी जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला.

तो स्टूल ओढून शेजारी बसला आणि त्याने दाखवलं: आधी विषय, त्यात पीक, त्यात रोग. पानवेलीच्या रोगांचं कार्ड काळं पडलेलं होतं. माझ्या बोटांनी ते दोनदा ओलांडलं होतं.

पुस्तिका मराठीत होती. मुळाशी मोरचूद आणि चुन्याचं पाणी घालायचं. घरी नेता येत नाही म्हणून सगळं प्रमाण उतरवून घेतलं. निम्मी वाडी गेली, निम्मी वाचली.

अनामत परत घ्यायला आणखी दोन खेपा. आधी म्हणे पावती आणा, मग म्हणे अर्ज लिहा. अर्ज माझ्याच वाकड्या अक्षरात लिहिला आणि पैसे मिळेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिले. संध्याकाळी जावेच्या हातावर वीस रुपये ठेवले. तिने दोनदा मोजले.

"पुरे हायत," ती म्हणाली.