बॅग चढायच्या आधी

पहाटे चारला तिच्या खोलीत दिवा लागायचा. गजर तिने कधी लावला नाही. आई आधीच उठून बसलेली असायची आणि लेकीचा पांढरा सदरा इस्त्री होऊन खुंटीवर लटकत असायचा. गल्लीत त्या वेळी जागे असलेले आम्ही तिघेच. ती आणि मी एकाच विमानतळावर कामाला होतो. ती विमान चालवायची, मी त्यात सामान भरायचो.

तिची आई जिन्याखालच्या भाड्याच्या जागेत इस्त्रीचं काम करायची. जागा इतकी बुटकी, की मान वाकवल्याशिवाय उभं राहता येत नसे. शाळेत जाता-येता मुलगी गाठोडी घरोघर पोचवायची. पुढे विमानतळावर तिकिटांच्या खिडकीत नोकरी लागली, मग शिष्यवृत्ती मिळाली, विमान चालवायला शिकली, बरीच वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून चालवलं आणि शेवटी कॅप्टन झाली. लिहायला एक ओळ लागली. तिचं निम्मं तारुण्य गेलं त्यात.

आमच्या कामाचा एक नियम आहे. प्रवासी उतरला तर त्याची बॅगही उतरते. मालकाशिवाय बॅग उडत नाही. ऐकायला सोपं आहे. पण विमानाचं पोट बुटकं असतं, आत गुडघ्यांवर काम करावं लागतं. एक बॅग शोधायची म्हणजे रचलेल्या सगळ्या हलवायच्या, मग पुन्हा रचायच्या. आणि उतरणाऱ्याची बॅग दाराजवळ सापडल्याचं मला तरी आठवत नाही.

ती कॅप्टन झाल्यावर हे वाढलं. विमान निघताना ती माइकवरून सांगायची, "नमस्कार, मी तुमची कॅप्टन बोलतेय." की कोणीतरी उठायचाच. बाई चालवणार? मला उतरवा. की आम्ही रांगत पोटात.

आमच्या मुकादमाचं तोंड फाटकं. एकदा ती टॉर्च घेऊन विमानाखालून तपासणी करत होती, तेव्हा तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "बाई वर बसते आणि घाम आम्ही गाळतो."

ती थांबली. "मुकादम, उतरतो तो, आणि बोल मला?"

"बोल कुणालाही लागो, ताई. पाठ आमचीच मोडते."

ती टॉर्च विझवून वर गेली.

तिसऱ्यांदा विमान रखडलं तेव्हा विमानतळाचे साहेब खाली आले. साहेब एरवी उंटावरून शेळ्या हाकणारे, त्यामुळे ते उन्हात आले म्हणजे काहीतरी बिघडलंय हे आम्हाला कळलं. आमच्यासमोरच तिला म्हणाले, "घोषणा तुमच्या सहवैमानिकाला करू दे. पुरुषाचा आवाज आला की लोक गप्प बसतात. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"उशीर त्या माणसाने केला. नोंद माझ्या नावावर का?"

"कुणाच्या तरी नावावर पडणारच. आणखी एकदा झालं तर तुम्हाला मालवाहू विमानावर टाकतो. खोकी कुरकुर करत नाहीत."

म्हणजे एक तर आवाज बंद करायचा, नाही तर प्रवाशांचं विमान सोडायचं. सहवैमानिक पोरगा भला होता. तो म्हणाला, "मॅडम, मी बोलतो ना. काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत," ती म्हणाली.

एक गोष्ट इथे सांगतो. विमान धाडकन उतरलं की पोटातल्या बॅगा कोसळलेल्या सापडतात. तिचं विमान आलं, दार उघडलं, की बॅगा तिकडच्यांनी रचल्या तशाच. हे मुकादमालाही ठाऊक होतं. पण कबूल करायला त्याची जीभ जड.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या सामानाच्या गाडीपाशी आली. "मुकादम, बॅगा चढवायला कधी घेता?"

"लोक दाराशी जमले की."

"आज मी हात वर केल्यावर घ्या."

"आणि उशीर झाला तर?"

"माझ्या नावावर आहेच. तुमची पाठ तरी वाचेल."

मुकादमाने मान खाजवली आणि गाडी थांबवली. आमचा विमानतळ लहान. प्रवासी दारातून निघून चालतच विमानापर्यंत येतात आणि आमच्या गाड्या त्याच दाराबाहेर उभ्या असतात. आतलं सगळं ऐकू यायचं.

तिने टोपी घातली, दाराशी बसलेल्या मुलीकडून माइक घेतला.

"नमस्कार. आजचं विमान मी नेणार आहे, मी कॅप्टन. माझ्याबरोबर यायचं नसेल त्यांनी आत्ताच सांगा. बॅगा अजून बाहेर गाडीवर आहेत, लगेच मिळतील. आत बसल्यावर सांगाल, तर ही समोरची माणसं गुडघ्यांवर रांगत तुमची बॅग शोधतात. त्यांचा घाम फुकटचा नाही."

मग एक कोटवाले गृहस्थ उठले. "विमान म्हणजे काय स्कूटर वाटली?"

"नाही हो. स्कूटर मला येत नाही."

लोक हसले. गृहस्थ लाल झाले. "मी उतरतो!"

"अजून चढलाच नाहीत, काका. बॅग कोणती?"

"निळी," त्यांची बायको बसल्या जागेवरून म्हणाली. "पण ती दोघांची आहे. अहो, तुमचे कपडे तेवढे काढून घ्या. मी जाते."

"तू एकटी?"

"लेकीला बाळ झालंय. मी थांबणार नाही. ही घ्या घराची किल्ली. आणि गाडी एवढी वर्षं कोण चालवतंय आपल्या घरात? तुम्ही शेजारी बसून नुसते पाय दाबता, जसा काही ब्रेक तिथेच आहे."

आता सगळं दालन हसत होतं. कोटवाल्यांनी किल्ली घेतली नाही. रांगेत जाऊन सगळ्यांच्या मागे उभे राहिले.

तिने काचेतून आमच्याकडे बघून हात वर केला.

"चला रे, चढवा," मुकादम म्हणाला. त्या दिवशी त्याने स्वतः पोटात शिरून बॅगा रचल्या.

साहेब धावत आले तोवर विमानाचं दार बंद होत होतं. "प्रवाशांना धमकावता?"

"विचारलं फक्त," ती दारातून म्हणाली. "घड्याळ बघा, साहेब."

साहेबांनी बघितलं. विमान वेळेवर होतं. नोंद करायला काही उरलं नाही.

पुढचे काही आठवडे ती रोज दाराशी उभी राहून हेच विचारायची. एखादा मागे फिरायचाच. मग मुकादम गाडीवरची बॅग स्वतः हातात द्यायचा. "घ्या, सांभाळून जा. बसने जाणार असाल तर ड्रायव्हर आधी बघून घ्या हं." हळूहळू मागे फिरणारे संपले. विचारण्याची गरज राहिली नाही, पण घोषणा तिच्याच आवाजात होत राहिली. मालवाहू विमानाचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही.

कॅप्टन झाली तरी तिने गाडी घेतली नाही की गल्ली सोडली नाही. लोक म्हणायचे, पैसा करते काय ही? मग एक दिवस तिने जिन्यासमोरचं दुकान आईच्या नावावर विकत घेतलं. उंच छत, मोठी खिडकी, वाफेची इस्त्री आणि बसून काम करायला एक उंच स्टूल.

मी कपडे टाकायला गेलो होतो, तेव्हा एक नवीन गिऱ्हाईक आईशी बोलत होतं. "मावशी, लेक हवाईसुंदरी ना तुमची?"

"नाही. विमान चालवते."

"बाई? मग आपण नाही बसणार बुवा त्यात!"

आईने त्याच्या गाठोड्याकडे पुढे केलेला हात तिथेच थांबवला. "हे अजून आत घेतलेलं नाही. न्यायचं तर आत्ताच न्या."

तो गाठोडं ठेवून गेला. तिने ते स्टुलावर टाकलं. त्या स्टुलावर ती अजून एकदाही बसलेली नाही. म्हणते, उभ्यानेच बरं पडतं, आता मान वाकवावी लागत नाही.