रजेच्या दिवसाची गोळी

एक औषध थांबवावे लागले, तर त्याच्या जागी दुसरे कोणते द्यावे? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरतेत हा प्रश्न आमच्या घरापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधायला मी बसलो. पण तो उद्भवला कसा, हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझ्या एका शब्दाचा वाटा आहे.

माझी थोरली बहीण सुरतेच्या लिंबायत भागात राहत असे. मेहुणे कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. ती घरी साड्यांना टिकल्या लावी. तिला संधिवात जडला. शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते, तो प्रकार. सकाळी तिच्याने सुई धरवत नसे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या दिल्या: तीन, आणि त्याही आठवड्यातून एकदाच. ताईला वार लक्षात राहत नसत. मी शाळामास्तर, सोपे करून सांगण्याची सवय. म्हणालो, "ताई, कारखान्याला रजा असते ना, त्या दिवशी घ्यायच्या."

मेहुणे हसले. "मास्तरनी बहीण शे. नेम चुकाव नही!"

वर्षभर खरोखरच चुकला नाही. बोटांची सूज उतरली, सुई पुन्हा चालू लागली.

मग दिवाळी आली. लूम बंद झाले. शाळेला सुट्टी लागली म्हणून मी गावी गेलो. परतलो तेव्हा ताईच्या तोंडात फोड आले होते, पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. उशाशी गोळ्यांची रिकामी पाकिटे पडली होती.

"ताई, रोज घेत होतीस?"

"तूच सांगेल व्हतं ना भाऊ, रजाना दिन लेवानी. नऊ दिन रजाच व्हती."

इस्पितळात रक्त तपासले. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. उतारा म्हणून इंजेक्शने सुरू झाली. मी बाकावर बसून तपासणीचे आकडे वहीत उतरवीत राहिलो. दुसरे काही करता येत नव्हते.  

ताई वाचली. पण ती गोळी पुन्हा द्यायला डॉक्टर धजेनात, आणि दुसऱ्या गोळ्यांनी सूज हटेना. परदेशात जिवंत पेशींपासून बनवलेली नवी इंजेक्शने निघाली आहेत, असे ते एकदा म्हणाले.

"इथे कधी येतील?"

"मास्तर, माहीत असते तर सांगितले नसते का?"

बोटे वाकत गेली. ताईने सुया शेजारणीला देऊन टाकल्या.

आज ती इंजेक्शने इथे मिळतात. त्यांच्याशी अगदी मिळतीजुळती, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली बायोसिमिलर औषधेही मिळतात. पण एकदा वाकलेले सांधे त्यांनी सरळ होत नाहीत. ताईपुरते माझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

वाचकांना एवढीच विनंती आहे: मी लिहिले म्हणून मानू नका. आपले औषध कोणते, किती आणि कोणत्या वारी घ्यायचे, हे वाराच्या नावासह चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि डॉक्टरांना विचारून स्वतः पडताळून पाहा.