पाठ केलेले अडीचशे शब्द

अमरावतीच्या त्या क्लासमध्ये सरांनी माझ्या निबंधावर लाल पेनानं आडव्या रेघा मारल्या, तो रविवार आठवला की आजही माझं डोकं तापतं. माझ्या इंग्रजीत चुका होत्याच. ‘द’ कुठं लावायचा नि कुठं नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. अजूनही कधी कधी अडतं. पण सरांनी चुकांना हात लावला नाही. त्यात जेवढं खरं होतं, तेवढंच खोडलं.

तेव्हा मी अकोल्यात मातीच्या प्रयोगशाळेत एका प्रकल्पावर काम करत होते. आमचं काम खारपाणपट्ट्याचं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना गावंच्या गावं अशी आहेत, की तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, आणि तेच पाणी वावराला दिलं तर जमीन वरून फरशीसारखी बसते. त्या मातीवरच पुढं शिकायचं म्हणून मी परदेशातल्या एका विद्यापीठात अर्ज केला. त्यांनी घेतलंही, फक्त इंग्रजीची परीक्षा पास व्हायची अट घातली. वाचणं, ऐकणं, बोलणं जमण्यासारखं होतं. भीती होती ती लिहिण्याची. चाळीस मिनिटांत, समोर येईल त्या विषयावर, अडीचशे शब्दांचा निबंध.

घर माझं अमरावतीजवळच्या वलगावचं. शनिवारी संध्याकाळी मी अकोल्याहून एसटीनं अमरावतीला यायची, रात्री घरी जायची आणि रविवारी सकाळी क्लासला. त्याच एसटीत मला ती भेटली. अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती, माझ्याच वयाची. तिलाही बाहेर जायचं होतं, तिलाही हीच परीक्षा द्यायची होती, आणि तिनंही तोच क्लास लावला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत आमची ओळख झाली होती. बडनेऱ्याला पोचेस्तोवर ती मला जुन्या मैत्रिणीसारखं ‘काय व’ म्हणायला लागली होती.

क्लासचे सर चांगले बोलायचे. ताठ उभे राहायचे, शर्ट कडक इस्त्रीचा. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला छापील कागद दिले. निबंध कोणताही येवो, सुरुवात हीच, शेवट हाच. सुरुवातीच्या वाक्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा: ‘आजच्या या गतिमान आधुनिक युगात सदर प्रश्न ऐरणीवर आलेला असून त्यावर विचारवंतांमध्ये घनघोर मतभेद आहेत.’ मधल्या परिच्छेदांत मॉरओव्हर, फर्दरमोर, नेव्हरदलेस, हे शब्द ठरलेल्या जागी. शेवटी ‘इन अ नटशेल’. आम्ही मोकळ्या जागेत फक्त विषय भरायचा. घराच्या दारावर नावाची पाटी बदलावी तसा.

त्या रविवारचा विषय होता, सरकारनं पैसा शहरांवर खर्च करावा की खेड्यांवर. यावर मला बोलण्यासारखं होतं. भातकुलीकडच्या एका गावात मातीचे नमुने घ्यायला मी वर्षभर जात होते. तिथं नळाला गोडं पाणी आलं आणि बायांची दुपार मोकळी झाली. मोठ्या पोरी पाण्यासाठी शाळा बुडवायच्या, त्या वर्गात दिसायला लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेच लिहिलं. सरांनी त्या परिच्छेदावर काट मारली आणि बाजूला लिहून दिलं: एका नामवंत परदेशी विद्यापीठाच्या संशोधनानुसार अमुक इतके टक्के लोक असं मानतात.

मी विचारलं, हे संशोधन कोणतं आहे, सर?

“कोणतंही,” सर म्हणाले. “परीक्षक काय शोधून पाहते काय? अन् त्याले तुमच्या खाऱ्या पाण्याशी काय घेणं आहे?”

वर्ग हसला. मी खाली बसले. प्रयोगशाळेत एखादा आकडा जरा जरी वेगळा आला तर आम्ही पुन्हा माती वाळवायची, पुन्हा चाळायची, पुन्हा मोजायची. एकदा एका आकड्यासाठी आमच्या मॅडमनी महिनाभराचं काम परत करायला लावलं होतं. आणि इथं सर पोरांना शिकवत होते, की संशोधन नसलं तर बनवा. तेही ज्या परीक्षेनं शिकायला जायचं, तिच्यासाठीच.

राग आला, पण क्लास सोडला नाही. सगळे हेच करत होते, सरांच्या भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो होते, आणि मला कुणी दुसरं सांगणारं नव्हतं. मी पाठ केलं. नर्सनंही पाठ केलं. एसटीत आम्ही एकमेकींना म्हणून दाखवायचो. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, पोरीहो, कोणतं स्तोत्र आहे हे.

परीक्षा नागपूरला होती. विषय आला, लहान मुलांना घरकामाची सवय लावावी का. साधा सरळ विषय. आणि मी लिहायला सुरुवात केली, की आजच्या या गतिमान आधुनिक युगात मुलांनी भांडी घासण्याचा प्रश्न ऐरणीवर आलेला असून विचारवंतांमध्ये घनघोर मतभेद आहेत. लिहिताना मला स्वतःला कळत होतं की हे वेड्यासारखं आहे. पण दुसरं वाक्य हाताला येईना. पाठ केलेलं बाजूला सारून विचार करायला जागाच उरली नव्हती. पुढं ते बनावट विद्यापीठही मी घातलं.

निकाल आला तेव्हा मला बाकी सगळ्यात चांगले बँड, म्हणजे गुण, होते आणि लिहिण्यात नऊपैकी साडेपाच. हवे होते साडेसहा. नर्सलाही साडेपाच, तिला तर सात लागत होते. आम्ही दोघी सरांकडे गेलो. त्यांनी निकालाचा कागद पाहिला आणि सांगितलं की मॉरओव्हरसारखे जोडणारे शब्द कमी पडले असतील, पाठांतर कच्चं राहिलं असेल, पुढची बॅच लावा. विषय काय होता, आम्ही काय लिहिलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

जिना उतरताना नर्स म्हणाली, “हा मानूस डाक्टर असता तं याच्यावर केस झाली असती.”

त्या दिवशी आम्ही क्लास सोडला. तिची सुट्टी असेल त्या दिवशी दुपारी ती अकोल्यात माझ्या प्रयोगशाळेत यायची, आणि मागच्या व्हरांड्यात, मातीच्या पिशव्या बाजूला सारून आम्ही बसायचो. पहिल्या दिवशी मी एक निबंध लिहून तिला वाचून दाखवला. तिनं मला मध्येच थांबवलं.

“हे राहू दे. आदी आपल्या बोलीत सांग, तुले म्हनायचं काय हाय?”

मला सांगता आलं नाही. विषय होता, मोबाइलमुळे माणसं एकटी पडतात का. दोन्ही बाजूंनी मी छान छान वाक्यं लिहिली होती; माझं स्वतःचं मत काय, ते मलाच माहीत नव्हतं. मला तिचाच राग आला. मी म्हटलं, तू तरी सांग तुझं काय मत आहे. तिनंही माझ्यासारखीच दोन्ही बाजूंची वाक्यं सुरू केली. मग दोघी हसलो. मग पुन्हा भांडलो.

हळूहळू रीत बसली. आधी वऱ्हाडीत एका वाक्यात मत सांगायचं. मग कशावरून, ते सांगायचं. दोन कारणं पुरे. प्रत्येक कारणाला पाहिलेलं एक उदाहरण. हे सगळं जमलं की मगच इंग्रजी. तिचं म्हणणं असं, की पाळी बदलताना नर्स दुसऱ्या नर्सला पेशंटची माहिती देते, तेव्हा आधी काय, मग काय, हे ठरलेलं असतं. तिथं कुणी आधुनिक युगापासून सुरुवात करत नाही. मी तिला आमच्या अहवालांची शिस्त शिकवली: जेवढं हाती आहे तेवढंच म्हणायचं, ‘सगळे’ माहीत नसेल तर ‘काही’ म्हणायचं. तिची वाक्यं लांब व्हायची, तीनदा ‘अँड’ यायचा. माझी वाक्यं आखूड, पण क्रियापदाचा काळ बदलत राहायचा. मॉरओव्हर दिसला की ती पेन्सिलनं खोडायची, आणि खोडल्यावर काही बिघडलं का ते वाचून पाहायला लावायची. काहीच बिघडायचं नाही.

मला जास्त राग यायचा तो इथं. हे अवघड नव्हतं. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या क्लासांमध्ये, कुणीतरी आम्हाला विचारायला हवं होतं, की बाई, तुला काय वाटतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही, क्लासमध्ये नाही. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी परीक्षेत विषय आला, जाहिरातींमुळे लोक नको त्या वस्तू विकत घेतात का. मी लिहिलं की घेतात, आणि सगळ्यात सोपी गोष्ट असते ती भीती विकणं. नळाला चांगलं पाणी आल्यावरही मी जात होते त्या गावात लोक पाण्याचे जार विकत घ्यायला लागले, कारण भिंतीवरच्या जाहिरातीत जार न घेणारी आई निष्काळजी दाखवली होती. वेळेआधी संपलं. पुन्हा वाचून दोन ‘द’ घातले, एक काढला.

मला सात मिळाले. नर्सला साडेसहा.

म्हणजे मला हवे त्याहून अर्धा जास्त, तिला अर्धा कमी. तिनं फोनवर आधी माझं अभिनंदन केलं, मग म्हणाली ड्यूटी आहे, ठेवते. मी त्या दिवशी जेवले नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात बाबांनी मला मोबाइलवर फोटो पाठवला. अमरावतीत, वलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौकात भलंमोठं फ्लेक्स लागलं होतं. क्लासचं नाव, सरांचा हाताची घडी घातलेला फोटो, आणि खाली यशस्वी विद्यार्थी. त्यात मी. माझ्या शेजारी नर्स. दोघींच्या खाली लिहिलं होतं, ‘परदेशात निवड’. फोटो आम्ही प्रवेश घेताना दिलेले. त्या फ्लेक्सखाली बाबा उभे होते, नवा शर्ट घालून. कुण्या रिक्षावाल्याला सांगून त्यांनी फोटो काढवला होता, आणि तो सगळ्या नातेवाइकांना गेलाही होता. आमच्या वस्तीतल्या विहारात माझा सत्कार करायचं ठरत होतं.

माझं सोडा. नर्सच्या दवाखान्यात कुणीतरी तो फोटो दाखवला. मेट्रननं तिला बोलावून विचारलं, कधी सोडून जाणार ते सांगत का नाहीस, आम्हाला दुसरी बघावी लागेल. तिनं सांगितलं की निवड झालेली नाही. मेट्रनला ती लपवतेय असं वाटलं. घरी लोक पेढे मागायला येऊ लागले. जे मिळालं नव्हतं, त्याचं अभिनंदन ती दारात उभी राहून घेत होती.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही आमच्याकडे शिकलात हे खरं आहे ना? मी म्हटलं, तिची निवड झाली हे खरं नाही. ते म्हणाले, होईलच की. मग आवाज मऊ करून म्हणाले, रविवारी नव्या बॅचसमोर तुमचा सत्कार ठेवतो, तेव्हा बोलू.

मी गेले. बाबाही आले, त्यांना नाही म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही. वर्ग गच्च भरलेला होता. सरांनी शाल दिली, दोन शब्द बोला म्हणाले. मी शाल टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की इथं पाठ करून मला साडेपाच मिळाले, सोडून गेल्यावर सात. माझ्या शेजारी जिचा फोटो आहे, तिची निवड झालेली नाही, आणि त्या खोट्यापायी तिची नोकरी धोक्यात आली आहे. खोटं संशोधन लिहू नका. तुम्हाला जे म्हणायचं आहे ते ठरवा आणि साध्या शब्दांत लिहा. सर हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते. मग ते हसणं तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, मॅडम फार विनम्र आहेत.

मला वाटलं होतं, निदान पोरं तरी काही विचारतील. बाहेर पडल्यावर त्यांनी मला घेरलंच. मोबाइल पुढं करून म्हणत होती, ताई, तुमचा सात बँडवाला निबंध पाठवा ना, पाठ करतो. मी म्हटलं, मी आत्ता काय सांगितलं? एक मुलगी, परतवाड्याकडची होती ती, शांतपणे म्हणाली, “ताई, तुमचं झालं. आमाले पुढच्या महिन्यात पेपर हाय. इचार कराले टाइम कुठं हाय?”

तिच्यावर ओरडावं असं वाटलं. ओरडले नाही. बाबांच्या गाडीवर मागं जाऊन बसले.

बाबांनी गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मला वाटलं, चारचौघांत मी बोलले म्हणून नाराज असतील. नातेवाइकांना काय सांगायचं, या विवंचनेत असतील. वलगावच्या अलीकडे त्यांनी चहासाठी गाडी थांबवली. चहा हातात घेतल्यावर म्हणाले, “मी बी तं तेच करतो, बाई.”

मला आधी कळलं नाही.

“पोरायले निबंध फळ्यावर लिहून देतो. माझा आवडता प्राणी, गाय. सारे गायच लिवतात. एका पोट्ट्याच्या घरी बकऱ्या होत्या, त्यानं बकरी लिवली. मी त्याले गाय लिवाले लावली. तपासणी येते, पोरायले लिहिता आलं पाहिजे, अन् वर्गात एवढे पोट्टे. काय करू मंग?”

सरांवरचा राग मला सांभाळता येत होता. बाबांवरचा हा राग सांभाळता आला नाही. मी बाबांच्याच शाळेत शिकले होते, आणि गाय मीही लिहिली होती, पहिला नंबर घेऊन. मी त्यांना चिडून म्हटलं, बकरी लिहू द्यायची होती. ते म्हणाले, हो. मग दोघांनी चहा संपवला.

फ्लेक्सवरून नर्सचा फोटो सरांनी काढला. त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी चिकटवला. माझा तसाच ठेवला. मेट्रनकडे मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा तिथलं प्रकरण मिटलं, पण ही जाणारच म्हणून दवाखान्यानं प्रशिक्षणाच्या यादीतून काढलेलं नर्सचं नाव त्या वर्षी गेलं ते गेलंच.

मी आता परदेशात आहे, मातीतच हात घालून. नर्स अजून अकोल्यात आहे आणि परत परीक्षेला बसते आहे. तिची रात्रपाळी नसली की ती फोनवर निबंध वाचून दाखवते. परवाचा विषय होता, म्हाताऱ्या माणसांनी कुटुंबात राहावं की वेगळं. तिनं वॉर्डातल्या एका आजीबद्दल लिहिलं होतं, जिला घरचे भेटायला यायचे आणि खाटेशी उभं राहून आपसातच बोलून निघून जायचे. वाक्यं आखूड होती. मी एक ‘द’ सुचवला. ती म्हणाली, तो मुद्दाम नाही घातला. आम्ही त्यावर भांडलो, आणि तिचं बरोबर निघालं.