सुखदेवची चढती लय

अकोल्याहून वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत माझ्या दुकानात कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसलो होतो. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले..." एवढंच म्हणाल्या. सुखदेव शाळेतच, फळ्यासमोर कोसळला होता. अकोल्याला पोहोचेपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं. आठ महिने आम्ही बोललो नव्हतो, आणि पहिला फोन मीच करायला हवा होता.

सुखदेव जिल्हा परिषदेचा मास्तर, पण वस्तीत ओळख गायक म्हणून. जयंतीला त्याची भीमगीतं ऐकायला माणसं तास तास उभी राहायची. मग मागे झील धरणारे, म्हणजे त्याची ओळ उचलून म्हणणारे, एकेक करून पांगले. एक पुण्याला गेला, दोघं नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात पाळ्यांवर. अशात त्यानं मोबाइलवर पाहिलं, की एकटाच माणूस आपला आवाज मशीनमध्ये भरतो, मशीन तो फिरवत ठेवतं आणि हा वर गात राहतो. पुढच्याच रविवारी स्वारी एसटीनं माझ्या दुकानात हजर! "मले मशीनचे झीलकरी पाह्यजे. विलास, तू कॉम्प्युटरवाला, तूच निवडून दे."

त्याला हवं होतं ते साधं, पायानं दाबायचं पेडल. "लय चढली का जुनं बंद, अन् नव्या लयीत ओळ भरली का चालू." मी हसलो. शहाणपण मिरवायची संधीच मिळाली ना मला! "खेळनं हाय ते," म्हणालो आणि लॅपटॉप, साउंड कार्ड, सॉफ्टवेअर असा सगळा संसार त्याच्या गळ्यात मारला. त्यात लय आधी ठरवून द्यायची, कानात टकटक वाजणार, ती धरून गायचं. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "अन् मी पुढं गेलो तं? हे माह्या मांगं येईन का?"

"तू त्याच्या मांगं जाचं," मी म्हणालो. मूर्ख मी! आमच्याकडे तिसऱ्या कडव्याला लय चढतेच, टाळ्याच ती चढवतात. लहानपणापासून ऐकत आलो, तरी तेव्हा सुचलं नाही.

जयंतीच्या कार्यक्रमात तेच झालं. टाळ्या चढल्या, सुखदेव चढला, आणि मशीनमधले त्याचेच आवाज मागे रेंगाळले. शब्दावर शब्द पडू लागले. कीबोर्डवर तो दिसेल ते बटण दाबत सुटला. पोरं हसली. शेवटी मीच वायर उपटली आणि खाली उतरल्यावर चारचौघांत त्याला म्हणालो, "मशीन नाई चुकत. तूच बेताल झाला." तो वायरी नीट गुंडाळून पिशवीत भरत राहिला. त्यानंतर तो कुठेच गायला नाही, हे वहिनींनी मला आत्ता सांगितलं.

गेल्या आठवड्यात त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "पोरीच्या अभ्यासाले साफ करून द्या." उघडला, तर तेच एक गाणं चाळीसेक वेळा भरलेलं. सुरुवातीला तो पुढे पळतो, थांबतो, खाकरतो, पुन्हा धरतो. मी क्रमानं ऐकत गेलो. शेवटच्या फाइलमध्ये तो एकदाही पुढे जात नाही. तिसरं कडवं पहिल्यासारखंच येतं, मोजूनमापून, थंड. गाणं संपतं, आणि मग तो विचारतो, "आता बरोबर हाये ना, विलास? आयक अन् सांग."

मला रडू आवरेना. वहिनी दारात उभ्या होत्या.

"वहिनी," मी म्हणालो, "तो पयलेई बरोबरच होता."

"मंग तवा काहून नाई सांगतलं, भाऊजी?"