वाळत घातलेली गाडी

वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये झाली, जेवणाच्या सुट्टीत. त्या विद्युत विभागात होत्या. मी इंग्रजी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. डबे उघडले आणि पंखा थांबला. "उजेड गेला," मी माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत म्हणाले. ताईंनी खुर्ची उचलली. "वीज गेलीय. उजेड बाहेर भरपूर आहे, चला." व्हरांड्यात बसून आम्ही त्यांची मेथीची भाजी आणि माझे सँडविच वाटून खाल्ले. माझ्या सँडविचला त्यांनी न विचारता लसणाची चटणी लावली होती, ती चव अजून जिभेवर आहे.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, आणि त्यांच्या गौरव समितीसाठी मी हे लिहीत आहे. निवृत्तीनंतर त्यांनी विजेवर चालणारी एक जुनी मोटार घेतली आणि ती फक्त उन्हाच्या विजेवर चालवायची असे ठरवले. "कोळशाची वीज भरायची म्हणजे धूर नुसता लांब नेऊन ठेवायचा," असे त्या म्हणत. तेव्हा त्या पुण्याजवळ सूसला राहत होत्या. सोसायटीच्या सभेत, मीही सोबत गेले होते, त्यांनी गच्चीवर पॅनेल आणि पार्किंगमध्ये प्लग मागितला.

"मॅडम, आग लागली तर?"

"आणि आज तुम्हाला दिलं, की उद्या सगळे मागतील!"

"मागावं म्हणूनच तर चाललंय," ताई म्हणाल्या.

परवानगी मिळाली नाही. जिना उतरताना मला रडू येत होते. ताई मात्र मुळशीकडच्या खोऱ्यातल्या मुठा गावात कोणाकडे खोली मिळेल, याचा विचार करत होत्या.

मुठ्यात तुकारामभाऊ आणि पारूबाई या शेतकरी जोडप्याने त्यांना खोली दिली आणि अंगणही. तिथे लोखंडी चौकटीवर पॅनेल बसले, शेजारी गाडी उभी राहिली. पारूबाईंनी विचारले, "बाई, गाडी वाळत घातलीया व्हय?"

"व्हय. कडक वाळली की पळती."

तेव्हापासून खोऱ्यात ती 'वाळवणाची गाडी' झाली. लोक हसत. पुढे तुकारामभाऊंना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागले आणि हसणे थांबले. पहाटेच्या एसटीचा भरवसा नव्हता. ताईंनी त्यांना गाडीने न्यायला सुरुवात केली.

एका चैत्रात मी ताईंबरोबर पुण्याहून एसटीने मुठ्याला गेले. सूर्य कलला होता. पॅनेलवर जुन्या साड्या आणि साड्यांवर कुरडया!

"हितं कोंबड्या न्हाईत, अन् खालून बी तापतंय. लई झ्याक वाळल्या," पारूबाई कौतुकाने सांगत होत्या.

दिवसभर पॅनेलला जोडलेली गाडी जवळजवळ रिकामी होती आणि दुसऱ्या सकाळी भाऊंची डायलिसिसची पाळी होती. "पारूबाई, गाडीचं ऊन कुरडयांनी खाल्लं," ताई म्हणाल्या.

पारूबाईंचा चेहरा उतरला. "आता वं? ह्यांचं उद्याचं कसं हुयाचं?"

"आधी कुरडया उचला, मोडतील. मग बघू."

घरच्या प्लगला गाडी लावली. विजेचा दाब इतका कमी, की सकाळी जाण्यापुरतीच ती भरली. भाऊंना परत आणायला शेजारची जीप बोलवावी लागली. ताईंनी वाळवणासाठी अंगणात वेगळी चौकट बसवून दिली. त्या बदल्यात पारूबाई रोज पॅनेल पुसू लागल्या, आणि ताईंना सतावणारा धुळीचा प्रश्नही सुटला.

मुळशीच्या पावसापुढे मात्र उपाय नव्हता. ताई तेव्हा सरळ लाईनची वीज घेत. "म्हणजे नियम मोडला ना?" मी विचारले.

"मोडला. डायलिसिस ढग बघून थांबत नाही."

ढगाळ दिवसांत बाजार, लग्ने, देवदर्शन बंद. गाडी फक्त दवाखान्यासाठी. बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्या स्वच्छ सांगतात: गाडी महाग आहे, बॅटरी म्हातारी होते, चढ चार्जिंग खातो, आणि तरीही हे करायचे आहे. अडचण लपवणे त्यांना जमत नाही. अडचणीपुढे थांबणे त्याहून जमत नाही.

आता गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली आहे. भाऊंच्या फेऱ्या थांबणार, अशी भीती होती. ताईंनी पारूबाईंच्या सुनेला, रेश्माला, शिकवायला घेतले. पारावर कोणी म्हणाले, "सुनंच्या हाती गाडी?" पारूबाई उत्तरल्या, "मग तुमी नेता का ह्यांना?" परवा रेश्माने भाऊंना एकटीने नेऊन आणले.

वसुधाताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गुडघ्यांनी हवी तितकी कुरकुर करावी, ताईंनी ती मनावर घेऊ नये.

गौरव समितीला एक विनंती. सत्काराची वाटणी ताईंनी मला फोनवर सांगितली आहे, ती तशीच पाळावी. शाल तुकारामभाऊंना, पहाटे गाडीत त्यांना थंडी वाजते. नारळ पारूबाईंना. ताईंचे वीज तपासायचे मीटर आणि हत्यारांची पेटी पॉलिटेक्निकच्या विद्युत विभागाला, पण कपाटात ठेवायला नव्हे. गाडीच्या दोन्ही किल्ल्या रेश्माला. एक स्वतःजवळ राहू द्या, असे मी सुचवून पाहिले. ताई नाही म्हणाल्या.