खोटं वय सांगून पैसे भरणारा माणूस

जुमाडिलना मी ओळखत होतो असं म्हणायला मन धजत नाही. सगळा मिळून दोन-तीन तासांचा सहवास, तोही टेबलाच्या दोन बाजूंना बसून. पण त्यांच्याबद्दल लिहील असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. मला लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं असेल.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या नारीनकडच्या डोंगराळ मुलखातल्या एका इस्पितळात मला कागद तपासायचं काम मिळालं होतं. २००३ सालची गोष्ट. भरती होणाऱ्याचा बराचसा खर्च विम्यातून व्हायचा, उरलेला वाटा त्याने खिडकीवर सोम मोजून भरायचा आणि पावती घ्यायची. लहान मुलं, गरोदर बाया, लढाईवर गेलेले आणि पंचाहत्तरी ओलांडलेले, यांना माफी. पण पावतीवर कुणाचाच विश्वास नव्हता. लोक खिडकीवर पैसे भरायचे आणि वर डॉक्टरच्या खिशातही घडी केलेली नोट सरकवायचे. आणि माफीसाठी तर काय काय करायचे! एक बाई पोटाला उशी बांधून आली होती. त्या खुर्चीत बसून मी इतका संशयी झालो की घरी बायकोने चहात साखर घातली म्हटलं तरी ढवळून बघायचो.

म्हाताऱ्यांसाठी माझी एक युक्ती होती. जन्मसाल विचारल्यावर लगेच विचारायचं, जनावर कुठलं? आमच्याकडे बारा वर्षांना बारा जनावरं. आकडा पढवून आणता येतो, पण जनावर तोंडातून आपोआप निघतं.

ऑक्टोबरात जुमाडिल आले. उंच, वाकलेले, हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं.

"जन्मसाल?"

"एकोणतीस."

"जनावर?"

"ससा."

एकोणतीस म्हणजे साप. ससा म्हणजे सत्तावीस. आदराने नाव आखडून म्हटलं, "जुमाके, ससा असाल तर शहात्तर झाली तुम्हाला. एक सोमही भरायचा नाही."

त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. "साप," ते म्हणाले.

"आत्ता ससा म्हणालात."

"म्हाताऱ्याची जीभ आहे, मास्तर, घसरते. कागदावर आहे ते लिहा. सोमवारी पैसे घेऊन येतो."

ते गेल्यावर खिडकीवरची गुलसायरा म्हणाली, "आबा, यात काहीतरी काळंबेरं आहे. पैसे वाचवायला सगळे खोटं बोलतात. भरायला कोण बोलतं?"

"तेच तर."

"मेलेल्या भावाचा पासपोर्ट असणार. नाहीतर दोन-दोन पेन्शनी!"

मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको सोनुनबुबू एकटीच आली. सुक्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली. मी ती परत सरकवली.

"मास्तर, सापाची मी आहे. लग्नात सासूबाईंनी बजावलं होतं, नवरा दोन वर्षांनी थोरला आहे, उलट बोलू नकोस. मग तो साप कसा?"

"वहिनी, मग ते तसं सांगत का नाहीत?"

"मला विचारता? पन्नास वर्षं मीच विचारतेय. एक हजार एकशे साठ सोम! कोळशाचे पैसे काढलेत त्याने. थंडीत काय एकमेकांकडे बघून शेकायचं?"

मी सांगितलं, गावातल्या म्हाताऱ्या माणसाने खरं साल लिहून दिलं तर इस्पितळाचा प्रमुख शिक्का मारील, माफी मिळेल.

"तशी एकच उरलीय, काणिमबुबू. पण तिच्या दारावरून हा जात नाही. विहिरीकडेसुद्धा वळसा घालून जातो."

रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. दया म्हणून गेलो असं लिहायला बरं वाटलं असतं, पण खरं कारण संशय. तो मला झोपू देत नव्हता.

काणिमबुबूने दूध-मीठ घातलेला चहा दिला. मीठ इतकं, की जीभ चुरचुरली.

"जुमाडिल? ससाच तो. माझा भाऊ कालमात आणि तो एकाच वसंतातले. त्याच्या आईला दूध नव्हतं, माझ्या आईने दोघांना पाजलं." तिने वाटी पुन्हा भरली. "चव्वेचाळीसच्या शरदात लढाईची बोलावणी आली. त्याच्या बापाने कुणाला तरी मेंढा दिला आणि पोराची दोन वर्षं कमी करून आणली. आमच्याकडे मेंढा नव्हता. कालमात गेला. पोलंडपर्यंत पोचला होता म्हणतात, परत आला नाही."

मी कागद पुढे केला.

"त्याने पाठवलंय तुम्हाला?"

"नाही. मीच आलो."

"मग सही नाही. मेंढ्याचं मला काही नाही, माझ्या बापानेही तेच केलं असतं. पण आई गेली तेव्हाही हा दाराशी आला नाही. एकोणसाठ वर्षं वाट बघतेय मी. त्याला सांगा, स्वतः ये नि माग. बसायच्या आत सही देईन."

सोमवारी मी जुमाडिलना सगळं सांगितलं.

"मास्तर लोकांना दुसऱ्याच्या वह्या तपासायची खोडच," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या यादीकडे बोट केलं. "लढाईवर गेलेल्यांना माफी, असं लिहिलंय ना?"

"हो."

"आणि पंचाहत्तरीवाल्यांना."

"हो."

"कालमातला दोन्हीकडून मिळाली असती."

त्यांनी कोळशाचे पैसे गुलसायरासमोर मोजून ठेवले. मी रकान्यात एकोणतीस लिहिलं. खोटं आहे हे ठाऊक असून माझ्या हाताने लिहिलेला तो एकच आकडा.

गुलसायरा पुढेही दोन पेन्शनीच म्हणत राहिली. माझा संशय निराळा होता, आणि तो अजून गेलेला नाही. कधी वाटतं, त्या माणसाने लाजेपोटी दंड भरला. कधी वाटतं, ते दार ठोठावण्यापेक्षा हजार सोम त्यांना स्वस्त पडले. पुढच्या वसंतात ते वारले. मधल्या काळात काणिमबुबूकडे गेले का, ते मी विचारलं नाही. आता विचारायला तीही नाही.

ऑपरेशन होऊन घरी सोडलं त्या दिवशी ते शिक्क्यासाठी माझ्या टेबलाशी आले होते.

"पावती जपून ठेवा, जुमाके."

"ठेवतो." दारापर्यंत जाऊन थांबले. "तिने चहा दिला तुम्हाला?"

"दिला."

"मीठ जास्त घालते का अजून?"

"घालते."

"हं. तिची आईही तसंच घालायची. दार लावून घ्या मास्तर, वारा येतोय."