चोवीस मुली आणि दोन प्लेन टेबल

सोमवार, ९ जुलै १९८४. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि आमच्या प्राचार्या माथुर मॅडम माझा तक्ता उलटा धरून वाचत होत्या.

"लेले मॅडम, ही डिग्री आहे की रेल्वेचं टाइम-टेबल?"

मी तक्ता सुलटा करून दिला. त्याने फारसा फरक पडला नाही. (आमचे बोलणे हिंदीत होई, इथे बरेचसे मराठीत देते आहे.)

जयपूरच्या या महिला महाविद्यालयात मला नुकतेच वर्ष झाले होते. वडिलांची बँकेतली बदली इथे झाली, जवाहर नगरात घर मिळाले, आणि पुण्याहून भूगोलात एम.एस्सी. करून आलेली मी प्रथम वर्षाला सामान्य विज्ञान शिकवू लागले. भूगोलाची पदवी यंदापासून सुरू व्हायची होती. तिची तीन वर्षांची आखणी माझ्याकडे आली, तेव्हा नियोजन म्हणजे शुद्ध गणित, अशी माझी ठाम समजूत होती. प्रत्येक तास मोजलेला, चार रंगांच्या पेन्सिली वापरलेल्या, आणि मोकळा तास एकही नाही. याचा मला अभिमान वाटत होता, यावरून माझ्या वयाचा अंदाज यावा.

"बाकी ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "पण अर्ज चोवीस आले आहेत आणि तुम्ही जागा लिहिल्या आहेत बारा."

याचेही उत्तर माझ्याकडे तयार होते. प्रथम वर्षाच्या प्रत्येक मुलीने सहा दिवस मैदानात जाऊन प्लेन टेबलवर काम करणे आवश्यक होते. प्लेन टेबल म्हणजे तिपाईवर बसवलेला सपाट लाकडी फळा. त्यावर कागद लावून, समोरची झाडे, खांब, बांध यांच्याकडे नेम धरून रेषा मारायच्या आणि नकाशा जागीच तयार करायचा. कॉलेजकडे असे दोन संच होते. एका संचावर चार मुली, म्हणजे दिवसाला आठ. बाहेर जाण्याचा वार आठवड्यातून एकच, गुरुवार. दिवाळीची सुट्टी, सहामाही परीक्षा, हिवाळी सुट्टी, वार्षिक परीक्षा आणि तक्त्यावर बंद ठेवलेले महिने वगळता वर्षाला नऊ गुरुवार उरत होते. नऊ गुणिले आठ, भागिले सहा. बारा.

"तिसरा संच?"

"यंदा नाही मिळणार, असं आपणच म्हणालात."

"म्हणाले खरी." त्यांनी चष्मा काढला. "गुरुवारी विद्यापीठाची कमिटी येते आहे. जो आकडा आपण देऊ तो तीन वर्षं बदलता येणार नाही. नीट विचार केलाय ना?"

"गणित बरोबर आहे, मॅडम."

गणित बरोबरच होते. दुपारी बारा वाजता गुणवत्ता यादी फळ्यावर लागली. बाराव्या नावाखाली मी पट्टीने एक लाल रेघ मारली.

अर्ध्या तासाने एक मुलगी दारात उभी राहिली. तिचे नाव संतोष. राजस्थानात हे नाव मुलींनाही ठेवतात. ती कानोत्याहून बसने आली होती.

"मैडम, तेरहवाँ नंबर मेरा है. कोई एक हट जाए तो?"

"कोणी मागे हटेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर."

"अगले साल नहीं होगा जी." तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, माहिती दिल्यासारखे सांगितले. घरून एकाच मुलीला शहरात शिकायला पाठवणार होते. यंदा हिची पाळी होती. पुढच्या वर्षी धाकटी बारावीची परीक्षा देऊन मोकळी होणार आणि पाळी तिच्याकडे जाणार.

मला वाईट वाटले. वाईट वाटले की मी समजावून सांगते. हा माझा जुना दोष आहे. मी तक्ता पसरला आणि बाराचे गणित तिला पायरी पायरीने सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग तक्त्यावरच्या एका मोठ्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवले.

"यह नीला क्या है?"

"पावसाळा. मध्य जून ते मध्य ऑक्टोबर. तेव्हा फील्डवर्क बंद."

"चार महीने?"

"हो."

"रोज़?"

मी पट्ट्यावरच्या तारखा पुन्हा वाचल्या.

"हमारे बापू बाँध पर चौकीदार हैं," ती म्हणाली. "रोज पानी का लेवल लिखते हैं. पिछले चौमासे में आधे से ज़्यादा दिन एक ही बात लिखी, 'कोई बदलाव नहीं'. मैंने ही लिखी है जी, उनका चश्मा टूटा हुआ था."

तिला बाकावर बसवून मी गच्चीवर गेले. गच्चीवर पर्जन्यमापक होता, म्हणजे पडलेला पाऊस मोजण्याचे भांडे. तो मीच, भूगोल सुरू होईल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून, आदल्या वर्षी बसवून घेतला होता. दररोज सकाळी साडेआठला मी नोंद घेत असे. शेजारच्या खोलीत त्याची वही होती. सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी आदल्या वर्षीची, कॉलेज सुरू होते त्या मध्य जुलैपासून मध्य ऑक्टोबरपर्यंतची पाने उघडली आणि गुरुवार मोजले. तेरा. त्यांपैकी काम थांबावे एवढा पाऊस चार वेळा. उरलेल्या नऊ ठिकाणी माझ्याच हस्ताक्षरात शून्य, किंवा शून्याच्या जवळपासचे काहीतरी.

मी रत्नागिरीत वाढले. आमच्याकडे जूनमध्ये दप्तराला प्लॅस्टिक चढते ते दसऱ्याला उतरते. पुण्यातही आमचे फील्डवर्क डिसेंबरातच असे. त्यामुळे पावसाळ्यात मैदानात जायचे नसते, हे मी कधी शिकले नव्हते; ते मला माहीतच होते. भूगोलाच्या पदवीची आखणी करताना मी फक्त भूगोल तेवढा तपासला नव्हता.

नऊ आणि नऊ अठरा. अठरा गुणिले आठ, भागिले सहा. मी दोनदा केले. चोवीस.

तीन वाजता मी पुन्हा माथुर मॅडमच्या समोर होते.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "तुम्ही रत्नागिरीचा पाऊस जयपूरला पाडलात?"

"जी."

"चार महीने?"

"जी."

"बिना परमिशन के?" आणि त्या इतक्या हसल्या की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन आला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "लाल रेघ स्वतः पुसा. आणि त्या मुलीला स्वतः सांगा."

मी दोन्ही केले. संतोषने मान डोलावली आणि विचारले, "तो मैडम, बस-पास का फॉर्म कहाँ मिलेगा?"

घरी सांगितले तेव्हा आई भाजी निवडत होती. "अगं, मी इथे आल्यापासून छत्री माळ्यावरून काढलेली नाही," ती म्हणाली. "एम.एस्सी. नक्की तूच केलीस ना?" वडील वर्तमानपत्राआड होते, पण वर्तमानपत्र हलत होते.

कमिटीने चोवीस जागा मंजूर केल्या. निळ्या पट्ट्याबद्दल कोणी विचारले नाही, कारण तो आता तिथे नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी मी पहिल्या आठ मुलींना कानोत्याच्या धरणाच्या बांधावर नेले. आकाश निरभ्र होते. त्याकडे बोट दाखवून मी नोंदींचे महत्त्व या विषयावर दहा मिनिटे बोलले. साडेबाराला पाऊस आला. तो तासभर, अगदी कोकणातल्यासारखा पडला. आम्ही दहा जण आणि दोन प्लेन टेबल चौकीदाराच्या खोलीत उभे होतो. त्यांतले दहावे म्हणजे संतोषचे वडील. ते अत्यंत संकोचून म्हणाले, "मैडमजी, माफ करना, ऐसा होता नहीं है."

पाऊस थांबल्यावर मुलींनी काम पुरे करण्याचा हट्ट धरला. बांधाजवळच्या ज्या दगडापासून नकाशा सुरू केला, त्याच दगडाशी फेरी संपवायची होती. पहिला आणि शेवटचा बिंदू कागदावर एकमेकांवर पडायला हवेत. ते जेवढे दूर पडतात त्या अंतराला क्लोजिंग एरर म्हणतात. आमचा कागद भिजून फुगला होता. बिंदू एकमेकांपासून बरेच लांब पडले.

"मैडम, मिटा दूँ?" संतोषने रबर हातात घेऊन विचारले. "थोड़ा-सा खिसका देंगे."

"नको. जे आलं ते लिही."

नियोजनात गणित क्वचितच चुकते, असा माझा अनुभव आहे. गणित बरोबर असते, गाव दुसरे असते. तेव्हा आपली आखणी दुसऱ्याला समजावण्याआधी आपलीच वही एकदा वाचावी, आणि जमल्यास तेराव्या नंबरच्या मुलीलाही दाखवावी.

नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. संतोषने पट्टी लावली, मी तपासले आणि फील्डबुकात स्वतः लिहिले: क्लोजिंग एरर, साडेसहा मीटर.